एमजीबी घ्यावी की ट्रायम्फ टीआर ६?

इंग्लंडात नोकरीत जम बसला, घराला गॅरेज मिळालं, की आपल्यातल्या एखाद्याला बिनटपाच्या जुन्या गाडीची हुक्की येतेच. शोधाशोध करता करता गाडी दोन नावांवर येऊन अडते. दिसायला दोघी एकाच गोत्रातल्या, पण त्या कशा आणि किती बनल्या हे पाहिलं की निवड सोपी होते.

एमजीबी ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनला १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं बनत होती. जीटी, म्हणजे पक्क्या टपाची एमजीबी, धरून आकडा पाच लाखांच्या वर जातो. आज तिचा सगळ्यात मोठा गुण हाच. दाराच्या रबरापासून गॅस्केटपर्यंत सगळं घरपोच मिळतं. १९८८ पासून तर मूळ साच्यांवर बनवलेली अख्खी नवी बॉडीही विकत मिळू लागली. १७९८ सीसीचं इंजिन, जेमतेम ९५ हॉर्सपॉवर, बहुतेक गाड्यांना एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर. रविवारी सकाळी पाना घेऊन बसणाऱ्याला झेपेल असं.

मात्र अठरा वर्षांतली नेमकी कधीची, हे विचारा. १९६४ च्या अखेरीपर्यंत क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, तीनच बेअरिंग होती, मग पाच झाली. १९६७ च्या अखेरीस पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर अलगद बसवणारी योजना, आली. त्याआधीच्या गाडीत चालता चालता पहिला टाकला की कर्रर्र. १९७४ मध्ये अमेरिकेच्या नियमांपायी क्रोमचे बंपर जाऊन काळे रबरी आले आणि गाडी उंच केली गेली. वळणावर ती झुकते ते त्यामुळेच. रबरी बंपरवाल्या स्वस्त मिळतात, त्याचं कारणही हेच.

टीआर ६ कोव्हेंट्रीची. १९६८ च्या अखेरीपासून १९७६ पर्यंत नव्वद हजारांवर बनल्या, पण ब्रिटनमध्ये विकल्या गेल्या साडेआठ हजारांच्या आतबाहेर. बाकी परदेशी, मुख्यतः अमेरिकेला. त्यामुळे इथे विकायला आलेली गाडी तिकडून परतलेली, स्टिअरिंग डावीकडचं उजवीकडे केलेली असू शकते. म्हणून आधी चेसिस नंबर वाचा. ‘सीपी’ असेल तर कार्ब्युरेटरऐवजी ल्युकास कंपनीच्या पेट्रोल इंजेक्शनची, १५० हॉर्सपॉवरची. ‘सीआर’ म्हणजे नंतरची, इंजेक्शनचीच पण १२५ ची. ‘सीसी’ किंवा ‘सीएफ’ म्हणजे अमेरिकेसाठीची कार्ब्युरेटरवाली, शंभराच्या थोडी वर. इंजिन तेच, २४९८ सीसी, सहा सिलिंडरचं. आणि त्याचा आवाज! तिथे एमजीबी बिचारी गप्प बसते.

इंजेक्शनवाल्या गाडीत डिकीतला पेट्रोलपंप उन्हाळ्यात तापून रुसतो. बऱ्याच जणांनी बॉशचा पंप बसवून घेतलेला असतो. तो बदललेला दिसला तर नाक मुरडू नका, उलट हायसं वाटू द्या.

गंज दोघींनाही खातो, पण जागा वेगळ्या. एमजीबीला स्वतंत्र चेसिस नाही, सगळा भार बॉडीवर, त्यातही दारांखालच्या सिलवर. मी एक पाहायला गेलो होतो, सिलवर स्टीलची चकचकीत पट्टी होती. वाकून खालून बोट लावलं तर तपकिरी पापुद्रा हातात आला. टीआर ६ ला चेसिस आहे, ती मागच्या चाकांजवळ सडते. दाराची वरची फट खालच्यापेक्षा अरुंद दिसली तर गाडी मधून बसली आहे असं समजा. क्लच सोडताना मागून ठण्ण वाजलं तर डिफरेन्शियलचं माउंटिंग तडकलेलं असण्याची दाट शक्यता.

मला विचाराल तर पहिलीच जुनी गाडी असेल आणि हात स्वतःच काळे करणार असाल, तर १९६८ ते ७४ मधली क्रोम बंपरची, ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिन कमी फिरू देणारा जादा गिअर) असलेली एमजीबी. टीआर ६ महाग पडते, घेतानाही आणि नंतरही. घ्यायचीच तर सीपी घ्या, नाहीतर कार्ब्युरेटरवालीला सीपीचा भाव देऊ नका.

चाळीस वर्षांवरच्या गाडीला, फार फेरफार केलेले नसतील तर, ब्रिटनमध्ये रोड टॅक्स नाही आणि एमओटीची, म्हणजे दरवर्षीच्या सुरक्षा तपासणीची, सक्तीही नाही. तरीही विकणाऱ्याला म्हणा, एमओटी करून घेऊ, फी मी भरतो. तो का-कू करायला लागला तर चहा संपवा आणि निघा.