तीन लाखांचे वैयक्तिक कर्ज : एक वर्षानंतरचा हिशेब

गेल्या वर्षी मे महिन्यात साताऱ्यातील आमच्या जुन्या घराच्या गच्चीचे वॉटरप्रूफिंग आणि एका भिंतीची दुरुस्ती पावसाळ्यापूर्वी उरकणे भाग पडले, तेव्हा मी एका खासगी बँकेकडून तीन लाख रुपयांचे वैयक्तिक कर्ज घेतले. पगाराचे खाते त्याच बँकेत असल्यामुळे कर्ज ‘आधीच मंजूर’ असल्याचा संदेश मोबाइलवर कित्येक महिन्यांपासून येत होता. बँकेचे नाव येथे देत नाही, कारण पुढे जे लिहिले आहे ते थोड्याफार फरकाने बहुतेक ठिकाणी लागू पडेल.

सेवेबद्दल तक्रार करण्यास जागा नाही. रात्री साडेनऊला ॲपवर अर्ज भरला, आधारवरून ओळख पटवली गेली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपूर्वी रक्कम खात्यात जमा झाली. व्याजदर १४ टक्के, मुदत ३६ महिने, हप्ता १०,२५३ रुपये. जमा मात्र तीन लाख झाले नव्हते. प्रक्रिया शुल्क अडीच टक्के म्हणजे ७,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी १,३५०, आणि कर्जाला जोडलेल्या विम्याचा हप्ता व मुद्रांक शुल्क मिळून ६,१५० रुपये आधीच वळते करून घेऊन २,८५,००० रुपयेच हाती आले. व्याज आणि हप्ता मात्र पूर्ण तीन लाखांवर.

हे माझ्यापासून लपवले होते, असे म्हणता येणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ (रिटेल) कर्जासोबत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे मुख्य अटींचे विवरणपत्र, देणे बंधनकारक आहे, आणि त्यात सर्व शुल्के, अगदी विम्याची रक्कमसुद्धा, धरून येणारा वार्षिक दर, म्हणजे ‘एपीआर’, छापावा लागतो. माझ्या विवरणपत्रात तो साडेसतरा टक्क्यांच्या किंचित वर होता. मी ते पान बोटाने वर सरकवून ‘मान्य आहे’ दाबले. त्या पानावरील अटी विचार करण्यासाठी किमान तीन कामकाजाचे दिवस खुल्या ठेवाव्या लागतात, हे मला नंतर कळले. तेवढा वेळ घेतला असता तरी काम पावसाआधी झालेच असते. मिस्त्रीने नाहीतरी पुढे दहा दिवस लावले.

विमा ऐच्छिक होता. ती खूण आधीपासून केलेली होती आणि मी ती काढली नाही, एवढेच. मी शिकवतो त्या शाळेच्या गटविम्याचे संरक्षण मला आधीच असल्यामुळे ही रक्कम केवळ आळसापोटी गेली.

आता पर्यायांकडे येतो. पहिला आणि खरा पर्याय म्हणजे आमच्या शिक्षकांची पगारदार पतसंस्था, जिची पायरी मी चढलोच नाही. तेथे त्या वेळी घटत्या शिल्लकेवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या मुद्दलावरच, ११ टक्के दर होता. तीन लाखांना ३६ महिन्यांचा हप्ता ९,८२२ रुपये पडला असता आणि एकूण व्याज सुमारे ५३,६०० रुपये झाले असते; बँकेत ते ६९,१०० रुपये होते. पतसंस्थाही कर्जाच्या पाच टक्के रक्कम भागांसाठी (शेअर्ससाठी) कापते, म्हणजे हाती तेथेही २,८५,०००च आले असते. पण ते पंधरा हजार माझ्या नावावर भाग भांडवल म्हणून राहिले असते, सभासदत्व सोडताना परत मिळाले असते आणि त्यांवर लाभांशही मिळाला असता. बँकेने कापलेले पंधरा हजार गेले ते गेले. व्याजातील फरक आणि ही कपात मिळून सुमारे साडेतीस हजार रुपयांचा फटका बसतो.

मग मी तेथे का गेलो नाही? कारण पतसंस्थेला दोन जामीनदार लागतात. सहकार कायद्याच्या कलम ४९ खाली हप्ता थेट पगारातून कापला जातो, आणि कर्जदाराने थकवले तर वसुली जामीनदाराच्या पगारापर्यंत पोहोचते. आमच्याच शाळेतील एका शिक्षकांनी काही वर्षांपूर्वी दुसऱ्याचे हप्ते असे फेडले आहेत, त्यामुळे स्टाफरूममध्ये जामिनाचा विषय निघाला की चहाचे कप लवकर रिकामे होतात. शिवाय संचालक मंडळाची सभा महिन्यातून एकदा, आणि कर्ज कशासाठी हे सर्वांना समजते. कोणाकडे शब्द टाकावा लागू नये, यासाठी मी ते साडेतीस हजार मोजले. बँकेच्या ॲपने मला खऱ्या अर्थाने विकले ते हेच, आणि त्याचा उल्लेख कोणत्याही विवरणपत्रात नसतो. ही किंमत सर्वांसाठी अवाजवीच आहे असे माझे म्हणणे नाही. ज्याला ज्याची लाज अधिक वाटते, त्यावर ते आहे. मला आज ती अवाजवी वाटते.

पतसंस्थेत एक गोष्ट मात्र तपासून घ्यावी. दर ‘फ्लॅट’ आहे की घटत्या शिल्लकेवर, हे विचारल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नये. तीन वर्षांसाठी ९ टक्के फ्लॅट म्हणजे प्रत्यक्षात सव्वासोळा टक्क्यांच्या आसपास होते, कारण फेडलेल्या मुद्दलावरही व्याज चालूच राहते.

दुसरा पर्याय सोने तारणाचा होता आणि दराच्या दृष्टीने तो वैयक्तिक कर्जापेक्षा स्वस्त पडला असता. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२५ च्या निर्देशांत अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या मूल्याच्या ८५ टक्के, त्यापुढे पाच लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्याहून मोठ्या कर्जाला ७५ टक्के अशी मर्यादा आहे. अडचण अशी की एकरकमी परतफेडीचे कर्ज बारा महिन्यांत मिटवावे लागते, आणि माझ्या पगारात एका वर्षात तीन लाख बाजूला पडणे शक्य नव्हते. हप्त्यांची योजना घेतली असती तर जमले असते. घरात मात्र बांगड्यांचा विषय काढण्याचे धैर्य मला झाले नाही, आणि ते योग्यच झाले असे पत्नीचे मत आहे.

मुदत ठेवीवरील कर्ज ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक ते दोन टक्के जास्त दराने मिळते. ज्याच्याकडे पुरेशी ठेव आहे, त्याने वैयक्तिक कर्जाकडे पाहण्याचे कारणच नाही. पीपीएफवरील (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीवरील) कर्ज तर केवळ एक टक्का जादा दराने मिळते, पण ते खात्याच्या तिसऱ्या ते सहाव्या आर्थिक वर्षांतच आणि दोन वर्षांपूर्वीच्या शिलकेच्या २५ टक्क्यांपर्यंतच. माझे खाते त्यापलीकडे गेलेले आहे.

बारा हप्ते भरून झाल्यावर हे कर्ज पतसंस्थेकडे वळवावे असा विचार मी केला. पहिल्या बारा महिन्यांत मुदतपूर्व फेड करता येणार नाही, अशी अट होती. या वर्षात मी भरलेल्या १,२३,००० रुपयांपैकी सुमारे ३६,६०० रुपये व्याजाचे होते, म्हणजे तीन वर्षांच्या एकूण व्याजातील निम्म्याहून अधिक भाग पहिल्याच वर्षी बँकेकडे गेला. ही अट बाराच महिन्यांची का, याचे उत्तर तेथे आहे. शिल्लक मुद्दल आता सुमारे २,१३,५५० रुपये आहे आणि ते एकदम फेडायचे तर ४ टक्के आकार व त्यावर जीएसटी मिळून १०,०८० रुपये लागतात. व्यक्तींच्या बदलत्या दराच्या कर्जांना असा आकार लावता येत नाही, परंतु वैयक्तिक कर्ज बहुधा स्थिर दराचे असते आणि माझेही तसेच आहे. उरलेल्या २४ महिन्यांचे व्याज येथे ३२,५०० रुपये, तर पतसंस्थेत २५,३०० रुपये. वाचतात ७,२००, आणि त्यासाठी मोजावे लागतात १०,०८०.

त्यामुळे कर्ज आहे तेथेच चालू ठेवले आहे. गच्ची या पावसाळ्यात गळली नाही.