सिम्युलेटरात फोर्ट उभारताना: ब्लेंडर आणि एसडीके, आठ महिन्यांच्या वापरानंतर

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० मध्ये दक्षिण मुंबईच्या फोर्ट भागावर गेलं की रस्ते, ओव्हल मैदान, समुद्राची कड सगळं जागेवर दिसतं. इमारती मात्र उपग्रहचित्रावरून आपोआप रचलेल्या, कुठल्याही शहरात खपतील अशा. त्या हटवून खऱ्या बसवायला ब्लेंडर हे त्रिमितीय मॉडेलचं सॉफ्टवेअर, त्यातलं मॉडेल सिममध्ये नेणारं एक्सपोर्टर अ‍ॅड-ऑन आणि सिमची एसडीके (सिममध्ये भर घालायची साधनं) पुरते. तिन्ही फुकट. वेळ मात्र भरपूर खातात, आणि तो बहुतेकांचा नको तिथे जातो: नक्षीकामात.

हिशोब साधा आहे. ५०० फुटांवरून थेट खाली पाहताना, ६० अंशांच्या कॅमेऱ्यात आणि १९२० पिक्सेल रुंद पडद्यावर, एक पिक्सेल म्हणजे सुमारे ९ सेंटिमीटर. २० सेंटिमीटरची दगडी पट्टी जेमतेम दोन पिक्सेल भरते. ती खरोखर कोरून ठेवली तर नुसती चमचमते. म्हणून जाळ्या टेक्श्चरमध्ये, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या चित्रात, रंगवायच्या आणि पॉलिगॉन (मॉडेल ज्यांनी बनतं ते सपाट तुकडे) खर्चायचे ते माथ्यावर. सीएसएमटीचा घुमट अष्टकोनी, बरगड्यांचा आहे. ३२ बाजूंचा गुळगुळीत घुमट केला की इमारत ओळखू येत नाही. आठ बाजू आणि ठळक बरगड्या दिल्या की लांबूनही ओळख पटते, शिवाय काम हलकं होतं.

दगडासाठी प्रत्येक इमारतीला वेगळं टेक्श्चर नको. २०४८ पिक्सेलचं एकच पत्रक १६ मीटर भिंतीवर पसरलं तर मीटरला १२८ पिक्सेल मिळतात. हेलिकॉप्टरला तेवढे पुष्कळ. पृष्ठभागाचे गुण साठवणाऱ्या कॉम्प टेक्श्चरमध्ये लाल चॅनलला ऑक्लूजन (खाचांतली सावली), हिरव्याला रफनेस (खरखरीतपणा), निळ्याला मेटॅलिक (धातूपणा). दगडाचं मेटॅलिक शून्य, रफनेस ०.८५च्या आसपास. पुढे आलेल्या कमानी आत गेल्यासारख्या दिसल्या तर मॉडेल मोडत बसू नका. नॉर्मल मॅपचा, म्हणजे उंचसखलपणाचा भास देणाऱ्या चित्राचा, हिरवा चॅनल उलटा आहे.

एक्सपोर्टआधी ब्लेंडरमध्ये कंट्रोल-ए करून स्केल लागू करायचं, नाहीतर राजाबाई टॉवरचे ८५ मीटर भलतेच होतात. एलओडीच्या (लांबून दाखवायच्या हलक्या आवृत्त्यांच्या) एक्सएमएल फाइलमध्ये शेवटचा मिनसाइझ, म्हणजे पडद्यावर किती लहान होईपर्यंत मॉडेल दाखवायचं तो आकडा, ५ ठेवला तर हा मनोरा जवळ गेल्यावर अचानक उगवतो; ०.५ ठेवा. फाइल कॉपी करून नवी इमारत केली आणि जीयूआयडी (मॉडेलचा ओळख क्रमांक) बदलायचा राहिला, तर दोघींपैकी एकच दिसते.

जमीन हा खरा त्रास. गेटवेपाशी भूपृष्ठ पाण्याकडे उतरतं, त्यामुळे कडेचा पाया हवेत लोंबतो. पाया ३ मीटर खाली वाढवणं हा सगळ्यात सोपा उपाय. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशातले इमारतींचे आराखडे आणि सिममधलं जमिनीचं चित्र काही मीटर सरकलेले असू शकतात. अशा वेळी चित्राला धरून बसवा, कारण वैमानिकाला नकाशा दिसत नसतो. सिमच्या आपोआप आलेल्या इमारती वगळणारा पॉलिगॉन (जमिनीवर आखलेली चौकट) ३-४ मीटर सैल घ्या, नाहीतर भिंतीतून परका कोपरा डोकावतो.

ओव्हलच्या पश्चिमेची आर्ट डेको रांग मात्र सोपी निघते. छज्जा, बाल्कनी, जिन्याचा मनोरा असे दहा-बारा सुटे भाग केले की बहुतेक रांग त्यांतूनच जुळते.

एसडीकेच्या एडिटरमध्ये आधी सीनरी सेव्ह, मगच बिल्ड (पॅकेज तयार करणं). आणि प्रोजेक्ट उघडा असताना तेच पॅकेज कम्युनिटी फोल्डरमध्ये (सिम बाहेरची भर जिथून उचलतो तिथे) ठेवू नका: एकावर एक दोन गेटवे उभे राहतात आणि भिंती लखलखतात.