डीसी क्लॅम्प मीटर आणि डिझेल पिकअपचं चार्जिंग : पावसाळा ते थंडी, वापरानंतरचा अनुभव

बॅटरी वारंवार उतरत असेल तर नवी बॅटरी आणण्याआधी डीसी अँपिअर मोजणारा क्लॅम्प मीटर (वायर न कापता तिच्याभोवती जबडा लावून करंट मोजणारा) घ्या. ऐन पावसाळ्यात घेतलेला माझा मीटर आता थंडीतही रोज गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात असतो. तेवढ्या वापरावरून हे लिहितोय.

आधी खरेदीबद्दल, कारण इथेच पैसे वाया जातात. हजाराच्या आत मिळणारे बरेच क्लॅम्प मीटर फक्त एसी करंट मोजतात. त्यांच्यावर डीसी व्होल्ट दिसतात म्हणून माणूस फसतो. पण बॅटरीच्या केबलला जबडा लावला की आकडा शून्यच राहतो. डीसी करंटसाठी जबड्यात हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र ओळखणारा सेन्सर, लागतो. डायलवर ‘A’ जवळ सरळ रेघ आणि खाली तुटक रेघ असं चिन्ह आहे का, आणि ‘झीरो’ चं बटण आहे का, हे बघूनच घ्या. मी अडीच ते तीन हजारांच्या दरम्यानचा, 600 अँपिअरपर्यंतचा घेतला. सेल्फ मारताना डिझेल इंजिन 200-300 अँपिअर सहज ओढतं, सुरुवातीचा झटका त्याहून मोठा असतो, त्यामुळे छोट्या रेंजचा घेऊन उपयोग नाही.

आमची गाडी कॉमन रेल इंजिनाची पिकअप. टोमॅटोच्या हंगामात पिंपळगाव बसवंतला दिवसा आणि वाशीला रात्री. तक्रार अशी होती, की दिवसा गाडी व्यवस्थित चालायची आणि रात्री कसारा घाट पावसात उतरून वाशीला पोचलं की सेल्फ जड व्हायचा. कधी नुसता टकटक आवाज. मग हमालांना हाक मारून धक्का. दोन ठिकाणी दाखवली. दोन्हीकडे दिवसाउजेडी, सगळे लाइट बंद ठेवून, चालू इंजिनवर बॅटरीला मीटर लावला गेला. 13.8 व्होल्ट. “भाऊ, डायनॅमो ओके आहे, बॅटरी गेलीये, बदलून टाका.”

13.8 हा आकडा खोटा नव्हता, पण त्या वेळी अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या त्या ‘डायनॅमो’वर, भारच नव्हता. रात्रीच्या पावसात हेडलाइट, वायपर, काचेवर ब्लोअर आणि इंजिनाचा स्वतःचा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि इंजेक्टरचा खर्च, असं सगळं मिळून पस्तीस-चाळीस अँपिअर लागतात. म्हणून मी तीच परिस्थिती घराच्या अंगणात उभी केली. हाय बीम, ब्लोअर फुल, वायपर चालू, आणि मुलाला सांगितलं, “अ‍ॅक्सिलरेटर धर, दीड हजार आरपीएमवर.” बॅटरीवर 12.7 व्होल्ट. तेव्हाच अल्टरनेटरच्या मागच्या मोठ्या बोल्टवर, म्हणजे बी प्लसवर, 14.2. अल्टरनेटरच्या वायरवर क्लॅम्प लावला तर 36 अँपिअर. म्हणजे अल्टरनेटर त्याचं काम करत होता. त्याने बनवलेली वीज बॅटरीपर्यंत पोचत नव्हती.

इथून पुढे व्होल्टेज ड्रॉपची, म्हणजे वायरी आणि जोडांत वाया जाणाऱ्या व्होल्टची, तपासणी. चार्जिंगच्या तक्रारीत सगळ्यात उपयोगी मी हिलाच मानतो, आणि टपरीवर ती फारशी कोणी करत नाही. मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बी प्लसवर, दुसरं बॅटरीच्या प्लसवर, सगळा भार चालू. चांगल्या गाडीत इथे 0.2 व्होल्टच्या आसपास दिसतात. माझ्याकडे 1.4 होते. मग लाल टोक बी प्लसवर ठेवून काळं टोक एकेका जोडाने पुढे सरकवत गेलो : वायरचा लग (टोकाची कडी), फ्यूज बॉक्सचा बोल्ट, मोठ्या फ्यूजची अलीकडची पट्टी, पलीकडची पट्टी. फ्यूजच्या अलीकडे सगळं ठीक आणि पलीकडे एकदम 1.2 ची उडी. झाकण उघडलं तर बोल्टभोवतीचं काळं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलं होतं आणि पट्टीवर पांढरट-हिरवी बुरशी. बोल्ट हाताने फिरला. 1.2 व्होल्ट गुणिले 36 अँपिअर, म्हणजे त्या एका जोडात 43 वॅट उष्णता. रेडिओ दुरुस्तीच्या सोल्डरिंग आयर्नपेक्षा जास्त. दिवसा करंट दहा-बारा अँपिअरच असायचा, म्हणून तोच जोड पाव-अर्धा व्होल्ट खाऊन गप्प बसायचा आणि मीटरवर 13.8 दिसायचे.

नवा फ्यूज, नवा लग, पॉलिश पेपरने घासलेला बोल्ट आणि वरून पेट्रोलियम जेली. त्याच भाराखाली आता बॅटरीवर 13.9 ते 14 व्होल्ट असतात. बॅटरी जुनीच आहे. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी 12.6 दाखवते. आकडा सकाळचाच घ्यावा, कारण गाडी नुकतीच बंद केली असेल तर वरवरचा चार्ज फसवतो. 12.6 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे साधारण निम्मी, 12 च्या खाली गेली की आधी चार्जरवर लावा आणि मगच तिच्याबद्दल मत बनवा. उतरलेल्या बॅटरीवर लोड टेस्ट घेऊन तिला ‘गेली’ ठरवणं हा अन्याय आहे, आणि तो फार होतो.

क्लॅम्पचा दुसरा मोठा उपयोग झाला तो गावातल्या एका काळीपिवळी जीपवर. तिची बॅटरी रात्रीत उतरायची. किल्ली काढून, दरवाजे लावून अल्टरनेटरच्या मोठ्या वायरवर क्लॅम्प धरला : 3 अँपिअर, उलट दिशेने, बॅटरीकडून अल्टरनेटरकडे. दहा तासांत 30 अँपिअर-तास, म्हणजे तिच्या बॅटरीचा जवळपास निम्मा ऐवज. इंजिन थंडगार आणि अल्टरनेटरचं अंग कोमट. जीपवाल्या अण्णांना म्हटलं, “स्क्रूड्रायव्हर पुलीजवळ न्या.” टोक टक्कन चिकटलं. बंद गाडीत रोटर, म्हणजे अल्टरनेटरचा फिरणारा भाग, चुंबक होऊन बसला होता. अल्टरनेटरच्या एसीचं डीसी करणाऱ्या डायोड प्लेटमधला एक डायोड शॉर्ट झाला की करंट त्यातून फिल्ड कॉइलमध्ये, म्हणजे रोटरवरच्या तारेच्या गुंडाळीत, शिरतो आणि हे होतं. गाडी सुरू करून मीटर एसी व्होल्टवर टाकला तर बॅटरीवर 1 व्होल्टच्या वर रिपल, म्हणजे डीसीत मिसळलेला एसी. धड अल्टरनेटरला तो अर्ध्या व्होल्टच्या आतच राहतो. अण्णांनी डायोड प्लेट बदलून घेतली. त्यांचाही नव्या बॅटरीचा खर्च वाचला, याचं मला मनापासून समाधान आहे.

अल्टरनेटर खोलायला देणार असाल तर एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. आपल्याकडच्या कित्येक डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच पाठीवर असतो. डिझेल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये पेट्रोलसारखा व्हॅक्यूम तयार होत नाही, म्हणून हा वेगळा पंप. त्याला इंजिन ऑइल जातं. मधलं सील गेलं की ऑइल रोटरला करंट देणाऱ्या कार्बनच्या ब्रशवर आणि स्लिप रिंगवर उतरतं, कार्बनची पेस्ट होते आणि चार्जिंग अधूनमधून जातं. तेव्हा नुसते ब्रश बदलून भागत नाही, सीलही बदलायला सांगा. काम झाल्यावर व्हॅक्यूमचा पाइप घट्ट बसलाय ना ते बघा, आणि गाडी हलवण्याआधी इंजिन चालू ठेवून ब्रेक दोन-तीनदा दाबून बघा. पेडल दगडासारखं लागलं तर गाडी जागची हलवू नका.

चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून “डायनॅमो चालतोय का” बघणारे अजून भेटतात. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनाला त्याने एकवेळ काही होत नसे. ईसीयू असलेल्या गाडीत बॅटरी निघाली की व्होल्टेज झटक्यात चढतं आणि ईसीयू किंवा रेग्युलेटर, ज्याला गॅरेजमध्ये कटआउट म्हणतात, तो जाऊ शकतो. कोणी वायरला हात घातला की सरळ अडवा.

थंडीत निफाडला पारा खाली जातो तेव्हा मीटर हीटरसाठीही, म्हणजे थंड इंजिन सुरू होण्याआधी सिलिंडर तापवणाऱ्या ग्लो प्लगसाठीही, वापरला. चार सिलिंडरच्या इंजिनात चार ग्लो प्लग, तापल्यावर प्रत्येकी दहा-पंधरा अँपिअर. मुख्य वायरवर क्लॅम्प लावून किल्ली फिरवली की एकूण आकडा दिसतो. तो पाऊण भरला तर एक प्लग मेलाय, निम्मा भरला तर दोन. एकही प्लग न खोलता कळतं. थंडीत चार्जिंगचं व्होल्टेज 14.5 पर्यंत गेलं म्हणून घाबरू नका. रेग्युलेटर तापमान बघून ते थोडं वर-खाली करतो. 15 च्या वर टिकून राहिलं आणि बॅटरीतून सडक्या अंड्यांसारखा वास आला तर मात्र कटआउट गेलाय. बीएस 6 च्या बऱ्याच गाड्यांत बॅटरीच्या मायनसला सेन्सर असतो आणि ईसीयूच चार्जिंग कमी-जास्त करतो. तिथे एखाद्या क्षणी 12.8 दिसले म्हणून अल्टरनेटर काढायला लावू नका.

आता मीटरचे दोष. झीरो सरकतो. जबड्याची दिशा बदलली तरी दोन-तीन दशांश अँपिअरचा फरक पडतो, म्हणून प्रत्येक वेळी वायरजवळ, त्याच दिशेला धरून झीरो करावं लागतं. याचाच अर्थ, उभ्या गाडीतली 30-40 मिलिअँपिअरची नेहमीची गळती यावर मोजता येत नाही. जीपीएस ट्रॅकर किंवा म्युझिक सिस्टिम उभ्या गाडीत चोरून करंट खाते का, हे शोधायला मी प्रत्येक फ्यूजच्या वरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर मिलिव्होल्ट मोजतो. आकडा दिसला त्या फ्यूजमधून करंट चाललाय. यासाठी 0.1 मिलिव्होल्ट दाखवणारा मीटर हवा. शिवाय माझा क्लॅम्प मीटर पंधरा मिनिटांत आपोआप बंद होतो, आणि गाडीतले कंट्रोलर झोपायलाच अर्धा तास घेतात. उन्हात स्क्रीन वाचता येत नाही. सोबत आलेल्या वायरी कडक होत्या, टोकं सैल. सिलिकॉनच्या वेगळ्या घेतल्या. जबडा जाड असल्याने काही गाड्यांत अल्टरनेटरच्या मागे शिरतच नाही, तेव्हा तीच वायर फ्यूज बॉक्सजवळ पकडावी लागते. आतली 9 व्होल्टची बॅटरी उतरली की आकडे चढे येतात, तेव्हा स्क्रीनवर बॅटरीचं चिन्ह दिसताच ती बदला.

सध्या माझ्या गाडीत सेल्फ मारताना बॅटरीचा मायनस पोल आणि इंजिन ब्लॉक यांच्यात 0.45 व्होल्ट येतायत. 0.2 च्या आसपास हवेत. अर्थची पट्टी चेसिसच्या बाजूने गंजलीये. नवी केबल आणि तांब्याचे लग आणून ठेवलेत, येत्या रविवारी बसवतो.