पापलेट की कटला: सोलापुरातून पाहताना

समुद्रातला मासा म्हणजे निसर्गाचे देणे आणि तळ्यात पोसलेला मासा म्हणजे कारखान्याचा माल, अशी माझीही अनेक वर्षे समजूत होती. सोलापुरात बर्फाच्या पेटीतून आलेल्या पापलेटाची पूर्वपीठिका कोणी विचारत नसल्यामुळे ती सोयीचीही होती.

ती मोडली एका किरकोळ वाटणाऱ्या त्रासामुळे. 2023 मध्ये राज्याने पापलेटाला राज्य मासा घोषित केले आणि त्याच वर्षी त्याचा किमान आकार 135 मिलिमीटर ठरवला. तरीही आमच्या बाजारात तळहातावर मावणारी, एकदाही अंडी न घातलेली पिल्लेच येत राहिली. विक्रेत्याचे उत्तर ठरलेले असे: “सर, मोठा मालच येईना, हेच येऊलालंय.” त्याचा तरी काय दोष? बारीक आसाची (छिद्रांची) जाळी टाकणाऱ्या बोटी चारशे किलोमीटरवर आहेत. जून-जुलैची मासेमारीबंदी पाळूनही उरलेल्या दहा महिन्यांत पिल्लेच उचलली जाणार असतील, तर ती बंदी कोणाच्या कामी आली, असा प्रश्न मला दर रविवारी पडू लागला.

मत्स्यशेती सरसकट निर्दोष आहे, असे मात्र नाही. जिताड्यासारख्या मांसाहारी माशाच्या खाद्यात समुद्रातलीच लहान मासळी दळून घातली जाते, म्हणजे समुद्रावरचा भार केवळ नजरेआड होतो. कोळंबीच्या तळ्यांपायी खारफुटीही गेली आहे. व्हॅनामेई कोळंबीबद्दल माझे मत अजून पक्के झालेले नाही. गोड्या पाण्याच्या तळ्यांत पोसल्या जाणाऱ्या कटला, रोहू आणि मृगळ यांची गोष्ट मला वेगळी वाटते. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. वरून भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड दिली की बहुतेक भागते. सांगोल्याकडच्या शेततळ्यातले पाणी डाळिंबासाठी साठवलेलेच असते आणि माशांची विष्ठा मिसळलेले तेच पाणी पुढे बागेला मिळते. उजनीचा मासा मात्र दोन्हींच्या मधला: बीज माणसाने सोडलेले, वाढ धरणातली, आणि चिलापी तर मूळची आफ्रिकेची.

कटल्याला कधीकधी चिखलाचा वास येतो, काट्यांमुळे पाहुणे कुरकुरतात आणि पापलेटाची चव त्याला नाही, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही गेली दोन वर्षे आमच्या घरी कटलाच येतो. पापलेट तळहातावर ठेवून बोटांच्या टोकापर्यंत भरले तरच मी घेतो, आणि तसा योग वर्षभरात दोनदाच आला.