जो लुई की अली : डिफेन्स सुधारायला कोणाच्या चुका बघायच्या?

दोघंही हेवीवेट बॉक्सिंगमधली बाप माणसं, आणि दोघांनाही एकेक ठोसा परत परत नडला. अलीला समोरच्याचा डावा हुक (बाजूने वळून येणारा ठोसा), लुईला स्वतःच्या जॅबवरून (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा) येणारा समोरच्याचा उजवा. नवीन स्पॅरिंग (पार्टनरबरोबर सरावाची लढत) सुरू केलेली पोरं विचारतात की डिफेन्ससाठी कोणाच्या फाइट्स घेऊन बसू, त्यांच्यासाठी हे. मोठा कोण हा वाद इथे नको, त्यात रात्र जाते आणि हाती काही लागत नाही.

आधी अली. बघायला मजा त्याच्याच फाइट्सना, यात वादच नाही. पण फेब्रुवारी १९६२ मधे सॉनी बँक्सने पहिल्याच राउंडला डाव्या हुकने खाली बसवला, जून १९६३ ला वेम्ब्लीत हेन्री कूपरने चौथा राउंड संपता संपता तसाच हुक घालून दोरांपाशी पाडला (इथे सगळे फाटलेल्या ग्लोव्हच्या किश्श्यात रमतात आणि हुक बघायचाच राहतो), आणि मार्च १९७१ मधे जो फ्रेझरने पंधराव्या राउंडला डाव्या हुकनेच पाडला ते सगळ्यांना पाठ आहे. नऊ वर्षं, तीन वेगळी माणसं, ठोसा तोच. कारण उघड आहे, हात खाली आणि डोकं सरळ मागे. सरळ येणारा ठोसा त्यामुळे बोटभर अंतरावरून चुकतो पण हुक बाजूने फिरून येतो, त्याला ते मागे गेलेलं डोकं आयतंच सापडतं. त्यात फ्रेझरच्या कोपऱ्यातला ट्रेनर एडी फच याने हेरलं होतं की अली उजव्या हाताने अपरकट (खालून वर येणारा ठोसा) मारायला जातो तेव्हा तो हात खाली येतो आणि तेवढा वेळ गालाची ती बाजू उघडी पडते.

लुईची गोष्ट वेगळी. जर्मन बॉक्सर मॅक्स श्मेलिंगने डिसेंबर १९३५ मधे लुईची पाउलिनो उझ्कुडन या बॉक्सरबरोबरची फाइट बघितली आणि त्याच्या लक्षात आलं की हा जॅब मारतो तो झकास, पण हात परत आणताना गालाकडे न आणता खाली कमरेच्या बाजूने आणतो. मग जून १९३६ ला यांकी स्टेडियममधे त्या रिकाम्या जागेतून उजवा, परत उजवा, परत उजवा. चौथ्या राउंडला लुई पहिल्यांदा खाली, बाराव्याला खेळ खल्लास.

आता मी लुईकडे का झुकलो ते सांगतो, कारण एकच, ती अलीची मागे झुकायची सवय. आमच्या जिममधे व्हिडिओ बघून सगळेच करतात, मीही करून बघितलंय. समोरच्याचा जॅब हवेत जातो, आपल्याला वाटतं काय भारी टाळला, पण तोपर्यंत सगळं वजन मागच्या पायावर गेलेलं असतं, तिथून ना परत मारता येतं ना पाय हलतो, आणि पार्टनर अर्धं पाऊल पुढे घेऊन हुक फिरवतो तो बरोब्बर हेडगार्डच्या खाली जबड्याच्या कोपऱ्यावर बसतो. दुसऱ्या दिवशी भाकरी चावताना कळतं कुठे बसला ते. आणि वैताग म्हणजे हे सुटता सुटत नाही. सर ओरडतात "हात वर, हात वर", हात वर येतात, डोकं तरीही मागेच जातं, चूक कमरेत मुरलेली असते ना. अलीचं निभावलं ते त्याच्या पायांवर आणि नजरेवर, आणि पडला की उठून उभं राहायची जी काही ताकद होती तिच्यावर. ती आपण कुठून आणणार?

लुईची चूक त्या मानाने माणसात बसणारी आहे. ग्लोव्ह गेला त्याच रेषेत गालापर्यंत परत आणायचा, हनुवटी खांद्याआड, संपलं. पार्टनरला सांगून ठेवायचं, माझा डावा खाली आला की वरून उजव्याने एक हलकी टपली मार. टपल्या खाऊन हात आपोआप शहाणा होतो, निदान माझा तरी झाला, तुमचं तुम्ही बघा.

लुईचं सगळं सुटलं असंही नाही बरं का. डिसेंबर १९४७ मधे जर्सी जो वॉलकॉटने त्याला उजव्यानेच दोनदा पाडला, पहिल्या आणि चौथ्या राउंडला, आणि निकाल लुईच्या बाजूने गेला तोही पंचांच्या एकमताने नाही. पण तेव्हा तो ३३ वर्षांचा होता, आणि मधे १९३७ पासून जगज्जेतेपदाचं टायटल त्याच्याकडेच होतं, त्यामुळे मी तरी सूट देतो. तुम्ही उंच असाल, पाय खरंच हलके असतील, तर अलीकडून थोडंफार घेता येईलही, मी नाही म्हणत नाही.

बघायचा क्रम म्हणाल तर १९३६ ची फाइट चौथ्या राउंडपर्यंत, नजर फक्त लुईच्या डाव्या ग्लोव्हवर, श्मेलिंगकडे बघूच नका. त्याच दोघांची १९३८ ची रीमॅच हौस म्हणून बघा, ती १२४ सेकंदात आटोपते, चहाला उकळी यायच्या आत, त्यात डिफेन्स काय दिसणार. त्यापेक्षा वॉलकॉटची पहिली फाइट लावा. आणि अलीच बघायचा असेल तर कूपरचा चौथा राउंड घ्या, आवाज बंद करून, अलीच्या मागच्या पायाकडे बघत.