मोठ्या अक्षरांचं मराठी बायबल: वजनदार आहे, पण दवाखान्यात कामाला येतं

आधी कामाचं सांगतो. अक्षर खरोखर मोठं आहे, छपाई काळीभोर आहे. मजकूर मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारी वाचतात तोच, त्यामुळे पाळक साहेबांनी अध्याय सांगितला की शब्दाला शब्द जुळतो. खटकतं ते वजन. दीड किलोच्या खाली नसावं. आडवं पडून, एका हाताने धरून वाचायचा बेत असेल तर सोडून द्या.

आमच्या हिचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास. फिस्टुला, म्हणजे सुया टोचायला केलेली नस, डाव्या हाताला, तो हात हलवायचा नाही, आणि उरलेल्या एका हाताला हे पुस्तक पेलत नाही. म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी एसटीत कंडक्टर होतो. गाडीच्या खडखडाटात मागच्या सीटपर्यंत आवाज पोचवायची सवय. इथे हळू वाचावं लागतं. पुस्तक बेडच्या कडेला उशीवर उघडून ठेवतो. पानं सपाट राहतात, मध्येच मिटत नाहीत, म्हणजे शिवण चांगली आहे. कागद मात्र नेहमीचा पातळ. बोट ओलं करून पान उलटायची सवय असेल तर सांभाळा, लगेच सुरकुततं.

कडेला अंगठ्यासाठी खाचा पाडून बायबलमधल्या पुस्तकांची नावं घातली आहेत, थम इंडेक्स म्हणतात तो. मोठ्या पुस्तकांना तो छान, छोट्या पुस्तकांना एकेका खाचेत कोंबलंय. विलापगीत अवघ्या पाच अध्यायांचं, यिर्मया आणि यहेज्केल या दोन जाडजूड पुस्तकांच्या मध्ये दबलेलं. आणि आम्हाला नेमकं तेच लागतं. यरुशलेम उद्ध्वस्त झालंय, लेकरं भुकेने रस्त्यात पडलीत, आणि तिसऱ्या अध्यायात तो माणूस म्हणतो, परमेश्वराची दया रोज सकाळी नवी होते. पुढचा अध्याय पुन्हा भुकेचाच. दया नवी झाली म्हणून शहर काही उभं राहिलं नाही. मला हेच पटतं. भेटायला येणारी आपली माणसं "विश्वास ठेवा, मशीन सुटेल" म्हणतात, तेव्हा ही भिंतीकडे तोंड करते. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात प्रेषित पौल क्लेश, उपासमार, तलवार अशी यादीच देतो आणि म्हणतो, यातलं काहीही आपल्याला ख्रिस्ताच्या प्रीतीपासून तोडू शकत नाही. यातलं काही वाट्याला येणारच नाही, असं तो कुठेही म्हणत नाही. स्वतःच्या शरीरातला काटा निघावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली. काटा तसाच राहिला. माझी कृपा तुला पुरे, एवढंच उत्तर आलं. ते ऐकून ही म्हणाली, "माझ्या सुया तरी चार तासांनी निघतात." टेक्निशियन पोरगासुद्धा हसला.

बीपी खाली गेलं, पायात गोळे आले की ती स्तोत्र ८८ मागते. बाकीची बहुतेक रडगाणी शेवटी कुठेतरी स्तुतीकडे वळतात, हे अंधारातच संपतं. तरी सगळं गाऱ्हाणं देवालाच सांगितलंय. मी वाचतो, ती डोळे मिटून ऐकते, मग थोडा वेळ झोप लागते.

शेजारच्या बेडवरचे काका माळकरी. त्यांना त्रास नको म्हणून मी आवाज बारीक केला, तर तेच म्हणाले, "भाऊ, जरा मोठ्यानं वाचा की, आम्हालाही ऐकू द्या." आता स्तोत्र २३ ची फर्माईश त्यांची असते.

भाषेबद्दल एक. माझ्या आईकडे पंडिता रमाबाईंचं बायबल होतं, मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं. बाई १९२२ साली गेल्या, पूर्ण बायबल त्यानंतर, १९२४ मध्ये बाहेर आलं. चुलीपुढच्या बाईलाही कळावी अशी ती मराठी. यातली जरा भारदस्त आहे, पण मोठ्याने वाचताना अडत नाही.

घेताना दुकानात जाऊन, पानं उलटून घ्या. चिकटलेली किंवा दुमडून कापलेली पानं असतील तर तिथल्या तिथे बदलून मिळतात. चेनचं कव्हर मी वेगळं घेतलं होतं, त्याची चेन लवकरच गेली. त्यापेक्षा जाड कापडाची पिशवी शिवून घ्या. हलकं हवं असेल तर फक्त नवा करार आणि स्तोत्रं असलेली छोटी प्रत मिळते, पण तिच्यात विलापगीत नसतं. पाचपैकी चार तारे. एक कापला तो वजनाचा आणि त्या कोंबलेल्या खाचांचा.