एमबीबीएससोबत ऑनलाइन बीबीए : चौदा महिन्यांनंतरचा अनुभव

सांगली जिल्ह्यातील एका वैद्यकीय महाविद्यालयात मी शिकते. दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपताच, चौदा महिन्यांपूर्वी, मी ऑनलाइन बीबीएला, म्हणजे व्यवसाय व्यवस्थापनाच्या पदवीला, प्रवेश घेतला. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत एमडी (तेथील मूळ वैद्यकीय पदवी) आणि एमबीए पाच वर्षांत एकत्र करता येते. आपल्याकडे एमबीएसाठी आधी पदवी हातात असावी लागते, त्यामुळे एमबीबीएस चालू असताना तो मार्ग बंद आहे. मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये एकाच वेळी दोन पदव्या घेण्यास मुभा दिल्यापासून नियमित अभ्यासक्रमाला ऑनलाइन पदवीची जोड देता येते.

या अभ्यासाचे खरे मोल मला तासगावात कळले. तेथे माझे मामा पंधरा खाटांचे रुग्णालय चालवतात. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांची हिशेबाची वही घेऊन बसले. पगार, वीज, जनरेटर, कर्जाचा हप्ता आणि जैववैद्यकीय कचऱ्याचे शुल्क मिळून महिन्याचा स्थिर खर्च 2 लाख 70 हजार रुपये होता, आणि औषधे व साहित्य वजा जाता एका खाटेमागे दिवसाला सरासरी हजार रुपये उरत होते. म्हणजे रोज 9 खाटा भरल्या तरच खर्च भागणार. प्रत्यक्षात 10 भरत होत्या. तरीही परिचारिकांचे पगार लांबत होते, कारण द्राक्षवेलींच्या ऑक्टोबर छाटणीनंतर शेतकऱ्यांचा पैसा बागेत अडकतो आणि निम्मी बिले "द्राक्षांचे पैसे आले की देतो" या शब्दावर उभी असतात. नफा आणि हातातील रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुस्तकातील व्याख्येने मला समजले नव्हते. मामांनी आता छाटणी ते काढणी या काळासाठी वेगळी शिल्लक ठेवायला सुरुवात केली आहे.

सामुदायिक वैद्यकात पाठ केलेले औषधसाठ्याचे एबीसी-व्हीईडी विश्लेषणही (खर्च आणि निकड यांनुसार औषधांची वर्गवारी) याच काळात उमगले.

उणिवा मात्र गंभीर आहेत. उदाहरणे साबणाच्या कारखान्यांची आणि मोबाइल कंपन्यांची. रुग्णालय कोठेच नाही. एका सत्राची परीक्षा आमच्या अंतर्गत परीक्षेच्या आठवड्यातच आली. दुसऱ्या पेपरला वसतिगृहातील इंटरनेट बंद पडले, तेव्हा विद्यापीठाने माझे म्हणणे ऐकून न घेता फेरपरीक्षेचे शुल्क भरायला लावले, आणि त्याचा मला आजही राग आहे.

आठवड्याला सात-आठ तास द्यावे लागतात, आणि ते बहुधा झोपेतूनच जातात. एमबीबीएसला व्याख्यानांना 75 आणि प्रात्यक्षिकांना 80 टक्के हजेरी बंधनकारक असल्याने तेथे सवलत मिळत नाही. म्हणून पहिल्या वर्षात, शरीररचनाशास्त्राचा भार असताना, हा प्रवेश कोणीही घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना केवळ नावापुढे आणखी एक पदवी हवी आहे, त्यांनी एमबीबीएस पूर्ण करून रुग्णालय व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम घेणे अधिक योग्य ठरेल.

मी बीबीएच्या दुसऱ्या वर्षाचे शुल्क भरले आहे. मामांच्या वहीतील औषधसाठ्याची पाने अजून तपासायची आहेत.